नाती आधी, कॅरेक्टर शीट नंतर: रोलप्लेइंग गेममधली पात्रं एकमेकांशी कशी जोडायची

रोलप्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होऊन गोष्ट खेळतो. नवी कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी गोष्ट, ठरते. गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, ग्रुपवर टाकतो, "रविवारी येताना पात्र तयार करून या." रविवारी चार जण चार कागद घेऊन येतात. चारही कागदांवर आई-वडील वारलेले, गाव जळालेलं आणि पात्र एकटं, कुणावर विश्वास न ठेवणारं. मग या चार अनोळखी माणसांनी एकत्र का राहावं, याची कारणं शोधण्यात गेममास्टरची सगळी संध्याकाळ जाते. कारणं मिळतात, पण ती बाहेरची असतात. कुणी पैसे देतो, कुणी नकाशा देतो. पैसे वाटून झाले की पार्टीला, म्हणजे पात्रांच्या या टोळीला, एकत्र राहायचं कारण उरत नाही.

यावर उपाय म्हणजे क्रम बदलणं. आधी जागा, मग प्रसंग, मग घर, मग नाती आणि सगळ्यात शेवटी कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती आणि आकडे भरायचा कागद. हा क्रम मोडला की नाती वरून चिकटवल्यासारखी होतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. "आम्ही भाऊ आहोत" ही नुसती माहिती आहे, तिच्यावर खेळ चालत नाही. "आम्ही भाऊ आहोत, आणि वडिलांच्या आजारपणात मी काढलेलं कर्ज अजून एकटाच फेडतोय" यावर खेळ चालतो. दोघांमध्ये काहीतरी अडकलेलं हवं. खालची प्रत्येक पायरी ते अडकलेलं शोधण्यासाठी आहे.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: सोलापुरात आजच्या काळात घडणारी रहस्यकथा, एक यंत्रमागाचा कारखाना आणि चार पात्रं. तुमच्या खेळात तलवारी आणि जादू असली तरी पायऱ्या याच.

तयारी: भेटण्याआधी

गेममास्टरने आठवडाभर आधी एकच निरोप पाठवावा: "पात्र बनवून आणू नका. क्लास (पात्राचा प्रकार), स्टॅट्स (त्याच्या ताकदीचे आकडे), नाव, काहीच नको." तरीही कुणीतरी तीन पानं लिहून आणतोच. त्याला नाराज करू नका. त्या पानांतला एक माणूस आणि एक प्रसंग निवडायला सांगा आणि बाकीचं बाजूला ठेवा.

सामान थोडं लागतं: एक मोठी ड्रॉइंग शीट, पेन्सिल, खोडरबर, सहा बाजूंचा एक फासा आणि पोस्टकार्डाएवढे जाड कागदाचे तुकडे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून घेतल्या तरी छान चालतात. वेळ अडीच-तीन तास धरा. ही सेशन झिरो, म्हणजे खेळाआधीची तयारीची बैठक आहे, त्यामुळे त्याच दिवशी खेळ सुरू करायची घाई करू नका.

गेममास्टरने घरून ठरवून आणायची गोष्ट एकच, ती म्हणजे जागा. ती लहान हवी. "सोलापूर" फार मोठं झालं. "पूर्व भाग"सुद्धा मोठाच. अशोक चौकाच्या मागची एक गल्ली, तिच्यात खाली माग आणि वर राहतं घर असलेली एक इमारत, समोर कडक भाकरी विकणारी बाई, कोपऱ्यावर चहाची टपरी. एवढी जागा पुरते. रोज एकमेकांच्या नजरेला पडल्याशिवाय माणसांचा दिवस जाणार नाही, इतकी ती लहान असावी.

सावधान: घरची नाती खेळात आणली की खऱ्या घरची दुखणीही टेबलावर येऊ शकतात. आपल्याकडे खेळणारे बहुतेक एकमेकांच्या घरी जाणारे-येणारे असतात. कुणाच्या घरी खरोखरच वाटणीचा दावा चालू असेल, कुणाचं लग्न नुकतंच मोडलं असेल. म्हणून पहिली रेघ ओढण्याआधी प्रत्येकाला दोन गोष्टी विचारा. कोणता विषय खेळात अजिबात नको? आणि कोणता असला तरी पडद्याआड राहावा? मूल दगावणं, मारहाण, जातीवरून अपमान, असं काहीही असू शकतं. नकार देणाऱ्याला कारण विचारायचं नाही. टेबलाच्या मधोमध फुली काढलेलं एक कार्ड ठेवा. त्याला कुणी हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं.

१. सगळ्यांचा एक प्रसंग ठरवा

सर्व पात्रं जिच्यात कुठे ना कुठे होती अशी एक घटना निवडा. ती फार जुनी नको. पाच ते दहा वर्षांपूर्वीची चांगली, कारण तेव्हाची माणसं अजून जिवंत असतात आणि राग पुरता निवलेला नसतो.

घटनेत दोन गुण हवेत. तिच्यात काहीतरी हरवलं, तुटलं किंवा हातचं गेलं असावं आणि नेमकं काय झालं याबद्दल गल्लीत निदान दोन मतं असावीत.

आपलं उदाहरण असं. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा, होम मैदानावर शोभेच्या दारूकामाची रात्र. सगळी गल्ली तिकडे गेलेली. परत येऊन बघतात तर कारखान्यातली जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणारी, कार्डं गायब. ज्या नक्षीच्या चादरीवर घराचं नाव चालत होतं, तिची भोकं पाडलेल्या कार्डांची पूर्ण माळ नाहीशी झालेली. म्हाताऱ्या मालकाने पोलिसात तक्रार केली नाही. का केली नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. पुढच्याच वर्षी तो वाटणी न करताच वारला.

आता टेबलाभोवती फिरून प्रत्येकाला विचारा: "त्या रात्री तू कुठे होतास, आणि सोबत कोण होतं?" उत्तर एका वाक्यात घ्या आणि कागदाच्या कडेला लिहा.

तपासा: "मी तेव्हा गावातच नव्हतो" असं उत्तर आलं तर चालेल, पण लगेच विचारा, "मग तुला कुणी कळवलं?" कळवणारा माणूस टेबलावरच्या पात्रांपैकीच असला पाहिजे.

खेळ इतिहासात नेणार असाल तर सोलापूरकडे मोठा साठा आहे. मे १९३० मधला मार्शल लॉ घ्या. त्या काळात एकाच घरात मिठाचा सत्याग्रह मानणारा आणि सरकारी नोकरी सांभाळणारा असे दोन भाऊ सहज असू शकतात. पण १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांना कुणा पात्राचा काका-मामा करू नका. त्यांची कुटुंबं खरी आहेत. आपली पात्रं त्यांच्या मिरवणुकीत मागे चालणारी असावीत.

२. घर काढा, पात्र नंतर

मोठ्या शीटवर घराण्याचं झाड काढा, पण सुरुवात वरून करा. आधी आजी-आजोबा, मग त्यांची मुलं-मुली-सुना-जावई आणि मग तिसऱ्या पिढीत रिकामी वर्तुळं. खेळाडूंनी यातली वर्तुळं निवडायची. जागा आधी आणि तिच्यात बसणारं माणूस नंतर, हा क्रम इथे फार कामाला येतो. आपण कोणाचे कोण हे ठरलं की स्वभाव आपोआप सुचायला लागतो.

सगळ्यांना एकाच रक्ताचं करू नका. चार जणांच्या टेबलावर माझ्या मते हा मेळ उत्तम: दोघं रक्ताची, एक सोयरिकीने आलेला आणि एक गल्लीने किंवा कामाने जोडलेला. सगळे सख्खे असले की भांडण घरातच फिरत राहतं. सगळे नुसते मित्र असले तर कुणालाही कधीही उठून जाता येतं.

नातं पूर्ण लिहा. "भाऊ" एवढंच पुरत नाही, कारण प्रत्येक नात्याचं भांडण वेगळं असतं:

- चुलत म्हणजे एकाच घराचे वाटेकरी. भाऊबंदकी, सामाईक भिंत, सातबारा, दुकानाच्या पाटीवरचं नाव. मालमत्तेवर गोष्ट चालवायची असेल तर हेच नातं घ्या.
- मामे-आते म्हणजे माहेर आणि सासर यांच्यातला दोर. बहिणीचं घर आणि भावाचं घर. आपल्याकडच्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे, त्यामुळे लहानपणी "हिला तुलाच द्यायची" असं घरच्यांनी म्हटलेलं असतं आणि ते अर्धवट सुटलेलं असतं. हा धागा घ्यायचा तर दोन्ही खेळाडूंना आधी मोकळेपणाने विचारा.
- मावस भावंडांत सहसा वाटणीचा प्रश्न नसतो, म्हणून ती गुपितं सांभाळायला बरी. घरात जे बोलता येत नाही ते मावसबहिणीला सांगितलं जातं.
- साडू, जावा, दीर-भावजय, व्याही ही नाती फार कमी टेबलांवर दिसतात. दोन साडू एकमेकांनी निवडलेले नसतात, तरी सासुरवाडीत त्यांची तुलना रोज होते. दोन पात्रांच्या पार्टीला एवढं पुरतं.
- बिनरक्ताची: मानलेला भाऊ, एकाच शाळेच्या बाकावरचा जोडीदार, एकाच मागावर पाळी बदलणारे दोघं. सोलापुरात तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी बोलणारी घरं एकाच गल्लीत असतात आणि त्यांना बांधून ठेवतं ते बहुतेक वेळा काम आणि शेजार. हा धागा रक्ताच्या नात्याइतकाच ताकदीचा करा.

उदाहरणातली चार पात्रं: अंबादास, म्हाताऱ्या मालकाच्या थोरल्या मुलाचा मुलगा, सध्या कारखाना बघतो. लक्ष्मी, धाकट्याची मुलगी, अंबादासची चुलतबहीण, लग्न होऊन भिवंडीला दिलेली आणि आता परत आलेली. व्यंकटेश, लक्ष्मीचा दीर, तिच्यामागोमाग सोलापुरात आलेला. सलीम, कारखान्याचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, ज्याच्या वडिलांनीही याच मागांची दुरुस्ती केली.

इथे कायद्याने खेळाला आपसूक धार येते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. म्हणजे लक्ष्मीचा वाटा खरा आहे आणि अंबादासला कारखाना एकट्याने चालवायचा तर तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही हवी. एका कागदावर अख्खी कॅम्पेन उभी राहू शकते.

सावधान: "माझं पात्र अनाथच आहे" असा कुणी हट्ट धरला तर मोडू नका. फक्त विचारा, "तुला जेवायला कुणी घातलं?" ती बाई दुसऱ्या पात्राची आई करा. मग तो अनाथ राहूनही घरातला होतो, आणि त्या घरच्या सख्ख्या मुलाला त्याच्याबद्दल काय वाटतं हाही प्रश्न तयार होतो.

३. शेजारच्याशी कार्ड लिहा

चार पात्रांत सहा जोड्या होतात, पाचांत दहा. सगळ्या भरायला गेलात तर रात्र होईल आणि निम्म्या कुणाला आठवणारही नाहीत. म्हणून ज्या क्रमाने बसला आहात त्या क्रमाने प्रत्येकाने फक्त उजव्या आणि डाव्या हाताच्या माणसाशी नातं पक्कं करायचं. २००९ साली आलेला 'फियास्को' हा खेळ याच पद्धतीवर चालतो. चार जणांची चार कार्डं होतात. उरलेल्या जोड्या मोकळ्या ठेवा, त्या खेळताना भरतील.

प्रत्येक कार्डावर तीनच ओळी: नातं काय, अडकलंय काय आणि आत्ता प्रत्येकाला दुसऱ्याकडून काय हवंय. तिसऱ्या ओळीत दोन टोकं असतात आणि चूक नेहमी इथेच होते. एकाला काहीतरी हवं असतं आणि दुसऱ्याला काहीच नको असतं. असं कार्ड पहिल्या प्रसंगातच संपतं.

काय अडकलंय ते सुचत नसेल तर फासा टाका:

१. बिनकागदाचे पैसे, तोंडी व्यवहार
२. एकाने काहीतरी पाहिलं आणि गप्प राहिला
३. मरणाऱ्याला दिलेला शब्द
४. एकाची वस्तू दुसऱ्याकडे पडून
५. एकाला मिळालेली जागा दुसऱ्याच्या हक्काची होती
६. ठरलेली किंवा मोडलेली सोयरीक

सलीम आणि अंबादासच्या कार्डासाठी दोन आला असं समजा. वाईट कार्ड असं होईल: "सलीमला चोर माहीत आहे." पुढे काय? काहीच नाही. चांगलं कार्ड: "त्या रात्री सलीमने अंबादासच्या वडिलांना कारखान्यातून बाहेर पडताना पाहिलं. त्याने आजवर कुणाला सांगितलं नाही. सलीमला हवंय: वडिलांच्या कामाची थकलेली रक्कम, न मागता. अंबादासला हवंय: सलीमने लक्ष्मीशी एकट्याने बोलू नये." आता हे दोघं समोरासमोर आले की काहीतरी घडणारच.

तपासा: कार्ड मोठ्याने वाचा आणि दोघांनाही विचारा, "येत्या आठवड्यात यावरून तुम्ही काय कराल?" दोघांकडेही उत्तर असेल तर कार्ड पक्कं. एकाने जरी "काही नाही" म्हटलं तर तिसरी ओळ खोडून पुन्हा लिहा.

इथे आणखी एक चूक वारंवार होते. प्रत्येक नातं वैराचं केलं जातं. चारपैकी निदान दोन कार्डांत जीव लावणारं काहीतरी असू द्या. व्यंकटेश वहिनीमागे सोलापूरला आला तो पाळत ठेवायला नव्हे, तर भावाच्या वागण्याची लाज वाटून. असं एखादं माणूस असलं की भांडणं सोसूनही पार्टी टिकते.

४. एकमेकांना हाक कशी मारतात?

ही पायरी लोक गाळतात. गाळू नका, हिला दहा मिनिटं लागतात. प्रत्येक जोडीने ठरवायचं: अरे-तुरे की अहो-जाहो? नावाने की नात्याने? चारचौघांत काय आणि एकटे असताना काय?

लक्ष्मी अंबादासला तेलुगूत "अन्ना" (दादा) म्हणते. व्यंकटेश तिला "वदिना" (वहिनी) म्हणतो. सलीम कारखान्यात सगळ्यांसमोर अंबादासला "शेठ" म्हणतो आणि टपरीवर "अंबादास, चहा सांग". खेळात एखाद्या दिवशी सलीम टपरीवरही "शेठ" म्हणाला, की काहीतरी बिनसलंय हे अख्ख्या टेबलाला कळतं. नव्या खेळाडूला अभिनय जमत नसला तरी ही एक हाक त्याला पात्रात नेते.

हाक कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.

५. गुपितं वाटून घ्या

नियम साधा: एकाच खेळाडूला माहीत असलेलं गुपित चालणार नाही. प्रत्येक गुपित निदान दोन खेळाडूंना आणि गेममास्टरला माहीत हवं. पात्रांना माहीत नसलं तरी चालेल. एकट्याने दडवलेलं गुपित शेवटपर्यंत बाहेर येत नाही, किंवा अशा वेळी येतं की इतरांना त्याचं काहीच वाटत नाही. टेबलाला आधीच ठाऊक असलं की दुसरे खेळाडू मुद्दाम असे प्रसंग तयार करतात ज्यात ते उघडं पडू शकेल.

सावधान: ज्यामुळे दुसऱ्याच्या पात्राचा भूतकाळ बदलतो असं गुपित त्याला न विचारता ठेवू नका. "मी खरं तर तुझ्या बहिणीचा खुनी आहे" हे आश्चर्य म्हणून टेबलावर टाकलं तर समोरच्याने जपलेलं पात्र त्याच्या हातातून जातं.

६. आता कॅरेक्टर शीट

आत्ता कुठे क्लास, स्टॅट्स, कौशल्यं भरायची. आणि नाती शीटवर उतरवायची, नाहीतर तिसऱ्या सेशनपर्यंत कार्डं पिशवीतच राहतात.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत शीटवर बाँडचा, म्हणजे पात्राला बांधून ठेवणाऱ्या गोष्टीचा, रकाना आहे. तिथे "माझ्या कुळाचा सन्मान" असलं काही लिहू नका. टेबलावरच्या दुसऱ्या पात्राचं नाव लिहा. त्या नात्यापायी पात्राने नुकसान सोसलं की गेममास्टरने इन्स्पिरेशन द्यावं, म्हणजे पुढच्या एखाद्या रोलला खेळाडूला अॅडव्हांटेज घेता येतं, म्हणजे फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरता येतो. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) मध्ये कोण कोणाला किती ओळखतं याचा आकडाच लिहितात आणि दोघांचे आकडे वेगळे असू शकतात. भावाला बहीण कळते त्यापेक्षा बहिणीला भाऊ जास्त कळतो, हे तिथे थेट फाशांवर दिसतं. तुमच्या खेळात असला नियमच नसेल तर प्रत्येक सेशनला एकदा, कार्डावरच्या माणसासाठी काही करताना एक फासा पुन्हा टाकायची मुभा द्या.

जादूच्या जगात खेळत असाल तर वयाकडे लक्ष द्या. डंजन्स अँड ड्रॅगन्समधला एल्फ, म्हणजे जादुई जमातीतलं पात्र, साडेसातशे वर्षं जगू शकतो. म्हणजे पार्टीतल्या माणसाच्या पणजोबांना त्याने पाहिलेलं असू शकतं, त्यांच्याकडून उसनंही घेतलेलं असू शकतं. ते देणं आता पणतवाला द्यायचं की नाही, हे एक कार्ड झालं.

७. पहिला खेळ: कुणालाच टाळता येणार नाही असा प्रसंग

पहिलं सेशन दारूच्या गुत्त्यात सुरू करू नका. घरातल्या एखाद्या कार्यात सुरू करा: तेरावं, साखरपुडा, बारसं, वाटणीसाठी बोलावलेली बैठक. तिथे रुसलेला माणूसही येतो आणि न बोलणाऱ्यांना एकाच पंगतीत बसावं लागतं. आपल्या खेळात आजोबांच्या दरवर्षीच्या श्राद्धाला सगळे जमतात आणि जेवणं उरकताच वकील हक्कसोडपत्र काढतो.

पहिल्या तासात निदान एक कार्ड वापरात आलं पाहिजे. कोणतं, ते गेममास्टरने आधीच ठरवून ठेवावं.

सावधान: घरच्या माणसांना मारून पात्रांना हलवायचा मोह गेममास्टरने आवरावा. आई पळवली, भाऊ मारला, असं दोनदा झालं की पुढच्या कॅम्पेनला सगळे पुन्हा अनाथ पात्रं घेऊन येतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. घरच्या माणसांनी काहीतरी मागावं, अडवावं, चुकीची मदत करावी. जिवंत आत्या मेलेल्या आत्यापेक्षा कितीतरी जास्त कामाची.

दर तीन-चार सेशननंतर कार्डं टेबलावर मांडा. जे सुटलं त्यावर रेघ मारा आणि त्या दोघांनी लगेच नवीन लिहावं. मोकळ्या ठेवलेल्या जोड्यांत खेळताना काही निर्माण झालं असेल तर त्याचंही कार्ड करा.

मध्येच कुणी नवा आला तर

नवा खेळाडू लग्नाने आणा किंवा परतलेला म्हणून आणा: नवी सून, घरजावई, पुण्याहून नोकरी सोडून आलेला पुतण्या. त्याच्यासाठी दोनच कार्डं लिहा आणि त्यातलं एक अशा पात्राशी असू द्या ज्याच्याकडे सध्या सगळ्यात कमी कार्डं उरली आहेत. पहिल्या चरणातला प्रश्न त्यालाही विचारा: त्या रात्री तू कुठे होतास?

एकाच बैठकीचा खेळ असेल तर

वन-शॉटला झाड, गुपितं आणि हाका सोडून द्या. विषयांची मर्यादा विचारणं मात्र सोडू नका. जागा आणि प्रसंग गेममास्टरने सांगायचा, शेजारच्याशी एकेक कार्ड फासा टाकून लिहायचं, तिसरी ओळ "आज रात्रीच्या आत काय हवंय" अशी करायची. वीस मिनिटांत खेळ सुरू करता येतो.